बाझेलचा व्याख्याता

इ. स. १८३३ च्या ऑगस्ट महिन्यात ऱ्हाइन नदीच्या वळणावर वसलेल्या बाझेल या जुन्या व्यापारी शहराची फौज आपल्याच प्रांतातील खेडुतांकडून पराभूत झाली, आणि त्या एका दिवसाच्या लढाईचा परिणाम असा झाला की, स्विस संघाच्या सभेने त्या प्रांताचे शहर आणि मुलूख असे दोन स्वतंत्र भाग पाडले व सरकारी मालमत्तेची लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी फर्माविली. या वाटणीत केवळ खजिना व जमीनजुमला आला नाही. १४६० साली पोप दुसरा पायस याच्या सनदेने स्थापन झालेले, स्वित्झर्लंडमधील सर्वांत प्राचीन असे विद्यापीठही त्यात आले. शहरवासीयांना आपल्या विद्यापीठाची मालमत्ता जबर मोबदला देऊन सोडवून घ्यावी लागली. ज्या शहराची तिजोरी अशी रिकामी झाली होती, त्याने ती जुनी विद्यासंस्था बंद केली असती तरी त्याला कोणी फारसा दोष दिला नसता. परंतु बाझेलच्या रेशमी फितींच्या व्यापाऱ्यांनी व धर्मोपदेशकांनी तसे होऊ दिले नाही. १८३५ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या साहाय्यार्थ एक स्वेच्छामंडळ स्थापिले, स्वतःच्या पदरचे द्रव्य दिले, आणि विद्यापीठातील अध्यापकांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी नगरवासीयांपुढे व्याख्याने देऊन या उपकाराची फेड करावी, असा प्रघात हळूहळू त्या गावी रूढ झाला. हा इतिहास प्रथम सांगण्याचे कारण हे की, युरोपीय कलेच्या इतिहासाला ज्याने शास्त्राचे रूप आणि व्यासपीठाची वाणी दिली, त्या याकोब बुर्कहार्टचे जीवनकार्य या नगराने विकत घेतलेल्या विद्यापीठाशी व त्या हिवाळी संध्याकाळांशी अतूट जोडलेले आहे.

बाझेल हे नाव कोकणपट्टीला अगदीच अपरिचित नाही. कोकणातील घरांवर दिसणारी मंगलोरी कौले भाजण्याचा कारखाना १८६० नंतरच्या दशकात मंगळुरास ज्यांनी उभारला, ते मिशनरी याच गावच्या संस्थेचे होते. आणि ज्या धर्मनिष्ठ, काटकसरी, उद्योगी वातावरणातून ते मिशनरी निघाले, त्याच वातावरणात २५ मे १८१८ रोजी बुर्कहार्ट जन्मला. वडील बाझेलच्या प्रधान मंदिराचे धर्मोपदेशक. घराणे पिढ्यान्‌पिढ्या नगराच्या कारभारात मुरलेले. वयाच्या बाराव्या वर्षात असताना त्याची आई वारली, आणि ऐहिक वस्तूंच्या क्षणभंगुरतेची जी छाया त्याच्या लेखनावर अखेरपर्यंत राहिली, तिचा उगम तो स्वतः त्या मृत्यूतच मानीत असे. पित्याच्या इच्छेनुसार त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. परंतु द वेट्ट या चिकित्सक पंडिताच्या व्याख्यानांनी बायबलातील कथांवरचा त्याचा अक्षरशः विश्वास ढासळला, आणि ज्या धर्मावर आपली श्रद्धा उरली नाही त्याचा उपदेशक होणे हे अप्रामाणिकपणाचे होईल, असे ठरवून १८३९ मध्ये तो बर्लिनला इतिहास शिकण्यास गेला.

बर्लिनमध्ये त्या वेळी इतिहासविद्येचे राज्य लिओपोल्ड रांके याच्याकडे होते. दफ्तरखान्यातील अस्सल कागद, वकिलांची पत्रे, तहनामे, राजांच्या मसलती, या साधनांच्या काटेकोर छाननीतून राज्यांचा इतिहास सिद्ध करण्याची जी रीत रांकेने घालून दिली, ती बुर्कहार्टने मनःपूर्वक आत्मसात केली. तथापि त्याच्या मनाला ओढ लागली ती दुसऱ्याच गुरूची. फ्रान्झ कुग्लर हा त्याच्याहून केवळ दहा वर्षांनी मोठा, पुढे प्रशियाच्या सरकारी नोकरीत शिरलेला, कविता करणारा, चित्रे रेखाटणारा, आणि चित्रकलेच्या इतिहासाचा पहिला व्यापक ग्रंथ १८३७ मध्येच प्रसिद्ध केलेला विद्वान होता. कुग्लरच्या घरी जाणे-येणे, त्याच्याबरोबर पायी हिंडणे, व हिंडता हिंडता एखाद्या कमानीपुढे थांबून ती कोणत्या शतकाची व का, याचा खल करणे, यांतच बुर्कहार्टचे खरे शिक्षण झाले. रांकेने त्याला कागद वाचावयास शिकविले, कुग्लरने दगड वाचावयास शिकविले. आणि पुढील आयुष्यात जेथे जेथे या दोन विद्यांचा झगडा झाला, तेथे तेथे शिष्याने दगडाचा पक्ष घेतला. बेल्जमच्या शहरांतील कलाकृतींवरचे त्याचे पहिले पुस्तक १८४२ चे. त्या वेळी त्याचे वय चोवीस वर्षांचे होते.

स्वदेशी परतल्यावरचा काही काळ त्याने एका सनातनी वृत्तपत्राच्या संपादनात घालविला. स्विस प्रांतांत त्या वेळी सुधारकांच्या सशस्त्र टोळ्या ल्युसर्नवर चालून जात होत्या, घोषणांना ऊत आला होता, आणि दोन्ही पक्षांकडून शिव्या खात पत्र चालविणाऱ्या या तरुणाला राजकारणाचा जो वीट आला तो कायमचाच. १८४६ मध्ये तो इटलीला निघून गेला. कोणी म्हणेल की, हे पलायन होते. आणि त्याच्या बर्लिन व बॉन येथील क्रांतिप्रेमी मित्रांनी तसे मानलेही असावे. मला मात्र असे वाटते की, ज्या संस्कृतीचा नाश जवळ येत आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते, तिचा जमाखर्च कोणीतरी शांतपणे मांडून ठेवला पाहिजे, ही कर्तव्यबुद्धी त्या प्रवासाच्या मुळाशी होती. रोम व बर्लिन असा त्याचा मुक्काम आलटून पालटून राहिला. कुग्लरच्या दोन मोठ्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या त्याने १८४७ व १८४८ मध्ये सुधारून दिल्या, आणि त्या निमित्ताने युरोपातील सर्व कालखंडांतील कलेची जणू संपूर्ण फेरतपासणी त्याच्या हातून झाली. १८५३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळावरील त्याचा ग्रंथ आला. त्यात जुने जग मरते कसे, व मरताना त्याची शिल्पे, त्याचे देव आणि त्याची भाषा कशी जीर्ण होत जातात, हे दाखविताना लेखकाची लेखणी प्रथमच पूर्ण सामर्थ्याने चालली आहे.

त्याच वर्षी तो पुन्हा इटलीत उतरला, आणि वर्षभराहून अधिक काळ शहरामागून शहर पायाखाली घालून त्याने जो ग्रंथ सिद्ध केला, तो ‘चिचेरोने’ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या प्रवाशाला मंदिरे व वाडे दाखवीत हिंडणाऱ्या वाटाड्याला इटलीत या नावाने ओळखतात. हजारावर पृष्ठांचा हा ग्रंथ इटलीतील कलाकृतींच्या आस्वादाचे मार्गदर्शन म्हणून लिहिलेला असला, तरी त्याची रचना प्रवासी मार्गदर्शिकेसारखी शहरवार नाही. प्रथम वास्तुकला, नंतर शिल्प, नंतर चित्र. आणि प्रत्येकात प्राचीन काळापासून आपल्या काळापर्यंतचा क्रम. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या एखाद्या प्रार्थनामंदिरात उभ्या असलेल्या प्रवाशाला ग्रंथाची तीन ठिकाणची पाने उलटावी लागत. पण उलटता उलटता त्याला हे कळून येई की, समोरचे मंदिर एकटे नाही, त्याला पूर्वज आहेत, भावंडे आहेत, व त्याच्या शिल्पकारापुढे जो प्रश्न होता तोच प्रश्न मिलानच्या शिल्पकाराने निराळ्या तऱ्हेने सोडविला आहे. रॅफेएलची समतोल, प्रसन्न रचना हा त्याच्या दृष्टीने कलेचा परमोत्कर्ष. मायकेलअँजेलोच्या उत्तरकालीन कृतींतील उग्र स्वातंत्र्याबद्दल त्याला साशंकता वाटे, आणि त्यापुढील बरोक शैलीला तर त्याने अवनतीच मानले. या निवाड्यांपैकी काही आज टिकत नाहीत. पण निवाडा देण्यापूर्वी त्याने प्रत्येक कृतीसमोर स्वतः उभे राहून तिचे वर्णन केले आहे, व म्हणून त्याचा निवाडा ज्याला अमान्य आहे त्यालाही त्याचे वर्णन टाकता येत नाही. ग्रंथ कुग्लरला अर्पण केलेला आहे.

या ग्रंथाच्या बळावर झुरिकच्या नव्याने उघडलेल्या तंत्रविद्यालयात कलेतिहासाच्या अध्यापकाच्या जागी त्याची नेमणूक झाली. तेथे गॉटफ्रीड सेम्परसारखा वास्तुविशारद त्याचा सहकारी होता. तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, बाझेलने त्याला इतिहासाच्या आसनावर बोलाविले, आणि तो जो परतला तो पुन्हा अध्यापनासाठी दुसरीकडे कोठेही गेला नाही. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, ‘इटलीतील प्रबोधनकालीन संस्कृती’ हा त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला. राज्य ही एक घडविलेली कलाकृती, व्यक्तीचा विकास, प्राचीन विद्येचे पुनरुज्जीवन, जगाचा आणि मानवाचा शोध, समाज व उत्सव, नीती व धर्म, असे त्याचे सहा भाग आहेत. ज्याने बाझेलच्या विद्यापीठाला सनद दिली तो पोप पायसही त्यात भेटतो. चेस्टनटच्या जुन्या झाडांखाली आपल्या कार्डिनलांची सभा भरविणारा, डोंगर, सरोवर व दूरचा समुद्र पाहून हर्षित होणारा हा वृद्ध धर्माधिपती बुर्कहार्टने अशा ममतेने चितारला आहे की, लेखक आपल्या गावाचे ऋण फेडीत आहे असा भास व्हावा. आरंभी ग्रंथ फार मंद खपला. इंग्रजीत तो १८७८ मध्ये मिडलमोरच्या भाषांतराने आला. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाची जी चर्चा होते, तीत व्यक्तीचा उदय, ऐहिक दृष्टी, जुन्या विद्येचे नव्या डोळ्यांनी केलेले वाचन, या कसोट्या आपण लावतो. त्या कसोट्यांवर या ग्रंथाची छाप आहे, हे विसरून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र वाचकाच्या ध्यानी येतेच. कलेतिहासकाराने लिहिलेल्या या सहा भागांत कलेचा भाग नाही! बुर्कहार्टचा बेत असा होता की, कलेसाठी स्वतंत्र खंड लिहावा. त्यातील वास्तुकलेचा भाग तेवढा १८६७ मध्ये, कुग्लरच्या निधनाने अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथमालेची पूर्ती म्हणून, प्रसिद्ध झाला. शिल्प व चित्र यांचे मसुदे त्याच्या मेजाच्या खणात राहिले. आणि येथे, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ग्रंथकार बुर्कहार्ट थांबला. पुढील तीस वर्षांत त्याने एकही नवा मोठा ग्रंथ छापला नाही. ‘चिचेरोने’च्या नव्या आवृत्त्या त्याने इतर विद्वानांच्या स्वाधीन केल्या, प्रबोधनाच्या ग्रंथाचीही तीच गत झाली. त्याला लिहिता येत नव्हते असे नाही, आणि सांगण्यासारखे संपले होते असे तर मुळीच नाही. त्याने विचारपूर्वक असा निश्चय केला होता की, आपले ज्ञान छापखान्याला न देता समोर बसलेल्या माणसांना द्यावयाचे.

तेव्हा त्याची खरी कारकीर्द पाहावयाची तर ती व्याख्यानगृहातच पाहिली पाहिजे. सांक्ट आल्बान उपनगरातील एका पाववाल्याच्या दुकानावरच्या खोल्यांत हा अविवाहित अध्यापक राहात असे. दोन साध्या खोल्या, पुस्तके, एक पियानो. तेथून व्याख्यानाच्या वेळी तो निघे तो बगलेत एक भला मोठा, रुंद बस्ता घेऊन. त्या बस्त्यात त्या दिवशी बोलावयाच्या कलाकृतींची छायाचित्रे व खोदचित्रे असत. प्रधान मंदिरासमोरच्या चौकातून, डोक्यावर टोपी, किंचित पुढे झुकून चाललेली त्याची ती मूर्ती एका छायाचित्रात टिकून राहिली आहे. पडद्यावर चित्रे फेकणारा दीप तेव्हा त्याच्याजवळ नव्हता. छायाचित्रे बाकांवरून हातोहात फिरत, आणि ती फिरत असताना बुर्कहार्ट कोणत्याही टिपणाकडे न पाहता बोलत राही. कागद पाहून वाचावयाचे नाही, हा त्याचा दंडक होता. त्यासाठी प्रत्येक तासाची सिद्धता तो नव्याने करी, मग तो विषय वीस वेळा शिकवून झालेला का असेना. श्रोत्याच्या हातात चित्र पोहोचते ते वाक्य संपून गेल्यावर, ही या पद्धतीची मोठी अडचण होय. परंतु याच अडचणीने वक्त्याला असे बोलण्यास भाग पाडले की, चित्र समोर नसतानाही त्याची रचना, त्यातील आकृतींचे वजन व प्रकाशाची दिशा श्रोत्याच्या मनात उभी राहावी.

त्याच्या शिकवण्यातील तत्त्वही नवे होते. त्याच्या काळापर्यंत कलेचा इतिहास म्हणजे कलावंतांची चरित्रे, किंवा घराण्यांची परंपरा. बुर्कहार्टने विचारले की, हे काम कलावंताकडे आले कसे? ते कोणी सांगितले, कोठे लावावयासाठी सांगितले, व कोणत्या उपयोगासाठी? वेदीवरचे चित्र घ्या. ते अमुक उंचीचे असणार, त्यापुढे मेणबत्त्या जळणार, त्यात माता, बालक व दात्याचा आवडता संत हे असलेच पाहिजेत, आणि ते दूरच्या दारातून येणाऱ्या भाविकालाही ओळखू आले पाहिजे. या साऱ्या अटी मान्य करून व्हेनिसच्या चित्रकाराने माता आणि संत यांना एकाच छताखाली, एकाच प्रकाशात, जणू निःशब्द संभाषणात गुंतल्यासारखे बसविले. त्या अटींच्या आत त्याला जे स्वातंत्र्य सापडले, तेच त्याची प्रतिभा. याप्रमाणे व्यक्तिचित्र, संग्राहक, समाधिशिल्प अशा एकेका कार्याचा इतिहास बुर्कहार्ट सांगे. यात कलावंत लहान होत नाही. उलट, ज्या मर्यादांशी झुंजून त्याने आपली कृती साधली त्या मर्यादा दिसू लागल्यामुळे तो अधिकच थोर दिसतो.

हिवाळ्यातील सार्वजनिक व्याख्याने आउगुस्टिनरगास्से या गल्लीतील १८४९ मध्ये पुऱ्या झालेल्या संग्रहालयाच्या सभागृहात होत. त्याच इमारतीत बाझेलचा चित्रसंग्रह होता, व त्यात हान्स होल्बाइनने रंगविलेले थडग्यातील मृत ख्रिस्ताचे ते लांबट, भयंकर चित्र. १८६७ मध्ये प्रवासात असलेला दस्तयेव्हस्की ज्याच्यापुढे खिळून उभा राहिला, तेच हे. अशा चित्रांच्या सान्निध्यात राहणाऱ्या नगरवासीयांना, फितींच्या कारखानदारांना, त्यांच्या स्त्रियांना व शाळामास्तरांना तो वर्षानुवर्षे चित्रकार, राजे, भोजने, उद्याने आणि साम्राज्ये यांवर व्याख्याने देत राहिला. नोव्हेंबर १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध ऐन भरात असताना, इतिहासातील थोरपणा म्हणजे काय, या विषयावर तो येथेच बोलला, आणि श्रोत्यांत फ्रीडरिश नीत्शे हा सव्वीस वर्षांचा तरुण अध्यापक बसलेला होता. पुढील मे महिन्यात पॅरिसमध्ये बंडाळीत लूव्हर जळाल्याची अफवा आली, तेव्हा हे दोघे एकमेकांना शोधीत निघाले व भेटताच त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. वस्तुतः शेजारचा राजवाडा जळाला होता, चित्रे वाचली होती. १८८९ च्या जानेवारीत ट्युरिनहून नीत्शेचे जे पत्र आले, त्यावरून त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाल्याचे बुर्कहार्टने ओळखले, आणि ते पत्र नीत्शेचा मित्र ओव्हरबेक याच्याकडे नेऊन दाखविले. ओव्हरबेक तातडीने निघाला व मित्राला घेऊन आला.

१८७२ मध्ये बर्लिनहून विचारणा आली. रांके निवृत्त झाला होता, आणि जर्मन भाषा बोलणाऱ्या जगात इतिहासाच्या अध्यापकाला याहून मोठा मान नव्हता. बुर्कहार्टने नकार दिला. नव्या जर्मन साम्राज्याच्या विजयोन्मादाविषयी त्याला तिटकारा होता हे खरे. पुढे ती जागा ट्राइट्श्केकडे गेली, आणि साम्राज्याचा जयघोष तेथून दुमदुमू लागला. तरीही माझ्या मते नकाराचे मुख्य कारण हे नव्हते. बर्लिनच्या शेकडो अनोळखी चेहऱ्यांना शिकविण्यापेक्षा आपल्या भाषेचा सूर ओळखणाऱ्या मोजक्या मुलांना शिकविणे त्याला श्रेयस्कर वाटत होते, आणि ज्या गावाने इतके सोसून विद्यापीठ राखले, त्याचे देणे तो स्वतःचे देणे मानीत होता.

याच सुमारास मुंबईत, १८५७ पासून, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघालेल्या कलाशाळेत आमची मुले ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून रेखाटन करीत होती. ठसे त्याच मूर्तींचे, ज्यांवर बुर्कहार्ट बाझेलला बोलत होता. परंतु त्या मूर्ती कोणी, कोणासाठी, कोणत्या मंदिरात उभ्या केल्या, हे त्या मुलांना सांगणारा कोणी नव्हता. आकार आला, इतिहास आला नाही. आमच्या चित्रकारांच्या त्या पिढ्यांना त्या अभावाची केवढी किंमत द्यावी लागली याचा विचार करताना मन खिन्न होते.

बुर्कहार्टच्या दृष्टीला मर्यादा होत्या, आणि त्या त्याच्या भक्तांनी लपवू नयेत. रेम्ब्रांटची थोरवी त्याला अखेरपर्यंत उमगली नाही. १८७७ च्या व्याख्यानात त्याने या महान चित्रकारावर अन्याय केला. बाझेलचाच चित्रकार बोक्लिन याच्याशी, संग्रहालयाच्या जिन्यावरील भित्तिचित्रांवरून, त्याचा बेबनाव झाला व जुनी मैत्री तुटली. मध्ययुगाविषयी तो अनुदार होता. मात्र त्याची नजर गोठलेली नव्हती. १८८२ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बर्लिनमध्ये पर्गामोनच्या वेदीवरील देव-दैत्यांच्या युद्धाची नुकतीच उत्खननातून आलेली शिल्पे पाहून तो भारावून गेला. जो उद्दाम आवेग त्याने तरुणपणी बरोक शिल्पांत निंद्य ठरविला होता, तोच प्राचीन ग्रीकांच्या हातून उतरलेला पाहून त्याने आपली मते नव्याने तपासली. आणि रूबेन्सवर त्याचे जे प्रेम आरंभापासून होते, ते या वृद्धपणात अधिकच फुलले.

१८८६ मध्ये त्याने इतिहासाचे अध्यापन सोडले. कलेतिहास मात्र आणखी सात वर्षे, दम लागू लागला व जिने चढणे कठीण झाले तरी, शिकविला. १८९३ मध्ये त्याच्या जागी हाइन्रिश व्योल्फ्लिन हा त्याचाच एकोणतीस वर्षांचा शिष्य आला. पुढे बर्लिनच्या अंधाऱ्या व्याख्यानगृहात दोन चित्रे शेजारी शेजारी पडद्यावर टाकून त्यांची तुलना करण्याची जी रीत या शिष्याने गाजविली, ती आज जगभरच्या कलाशाळांत चालते. पण ‘या चित्रकाराने असे केले, त्याने तसे केले, ते का?’ हा प्रश्न त्याला बाझेलच्या बाकावर मिळालेला होता.

८ ऑगस्ट १८९७ रोजी बुर्कहार्ट वारला. बाझेलच्या चालीप्रमाणे अंत्यविधीच्या वेळी वाचण्यासाठी आपला जीवनवृत्तांत त्याने स्वतःच लिहून ठेवला होता, आणि त्यात ग्रंथांपेक्षा अध्यापनालाच मोठे स्थान होते. त्याच्या दफ्तरातून रूबेन्सवरील स्मरणे आणि वेदीचित्र, व्यक्तिचित्र व संग्राहक यांवरील निबंध १८९८ मध्ये निघाले. ग्रीक संस्कृतीचा इतिहास आणि जागतिक इतिहासाविषयीची चिंतने त्याचा भाचा याकोब ओएरी याने संपादून प्रसिद्ध केली. विलामोवित्झ या प्रख्यात ग्रीकपंडिताने शास्त्राच्या दृष्टीने तो ग्रीक इतिहास जमेस धरण्यास नकार दिला, कारण गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाची त्यात दखल नव्हती. तक्रार खरी होती. पण ती व्याख्याने ज्यांनी ऐकली होती त्यांना तिचे काहीच वाटले नसेल. १८७५ मध्ये त्यांपैकी एका विद्यार्थ्याने आपल्या हाताने उतरून घेतलेली त्या व्याख्यानांची टिपणे नीत्शेला भेट दिली होती, आणि तोपर्यंत त्या मजकुराचे एक अक्षरही छापलेले नसताना त्या वहीतील विचार नीत्शेच्या लेखनात झिरपू लागले होते.